मालती नोडुलकरचा मोसम

माघ सरत आला की आमच्या महाडात दोन प्रकारचा धूर होतो. एक राबाचा. आजूबाजूच्या वाड्यांतून लोक पाला, काटक्या, शेण पसरून भाताच्या रोपांसाठी जमीन भाजून काढतात, आणि संध्याकाळी तो करपट वास सावित्रीच्या कोरड्या पात्रावरून सरपटत गावात शिरतो. दुसरा धूर परीक्षेचा. तो दिसत नाही, पण घराघरातून निघत असतो. आमच्या वरच्या मजल्यावर यंदा बारावीची मुलगी आहे, त्यामुळे अख्ख्या इमारतीला सुतक लागलंय. काल जिन्यात मी नुसता खाकरलो, तर तिचे वडील दार उघडून बाहेर आले.

"शेठ, उद्या पेपर आहे हो."

"अहो, मी फक्त खाकरलो."

"तुमचं खाकरणं म्हणजे नाटकाची तिसरी घंटा असते."

माझं स्टेशनरीचं दुकान आहे, पण गावात ओळख आहे ती गणपतीतल्या नाटकांतला नट म्हणून. मला माईक लागत नाही. माझा औरंगजेब बिरवाडीपर्यंत ऐकू जातो असं माझी बायको म्हणते, आणि ते ती कौतुकाने म्हणत नाही.

पण धूर आणि परीक्षा एकत्र आले की मला कुठलीच बारावी आठवत नाही. आठवते ती यसूमामी. कारण काही वर्षांपूर्वी, अशाच माघ-फाल्गुनात, माझ्या सख्ख्या मामीने डॉक्टरकीच्या शेवटच्या वर्षाची परीक्षा दिली होती. मामीचं शिक्षण म्हणाल तर दुसरी नापास. "नापास नाय रे बाळू," ती दरवेळी दुरुस्ती करते, "म्हस व्याली म्हणून परीक्षेला गेले नाय."

मामा जाऊन बराच काळ झाला. मामी पोलादपूरच्या वर, डोंगराच्या माथ्यावरच्या एका चिमुकल्या वाडीत म्हशींसोबत राहते. एसटी पायथ्याशी सोडते. तिथून पुढे पायवाट, दम आणि देवाचं नाव. वर मोबाईलला रेंज नाही. म्हणजे आहे, पण ती एका जांभळीच्या झाडावर आहे आणि त्यासाठी झाडावर चढावं लागतं.

मामीला रेंज कधी लागलीच नाही. तिच्याकडे हाळी होती. संध्याकाळी ती कड्याच्या टोकाशी उभी राहायची, एक तळवा कानामागे धरायची आणि आवाज सोडायची. सोडायचीच म्हणतो मी, कारण तो आवाज तिच्या तोंडातून निघून स्वतःच्या पायांनी दरी उतरायचा. उंच, लांबलचक, शेवटी जरासा वळलेला. खालच्या रानातल्या म्हशी माना वर करायच्या आणि एकामागून एक वाट धरायच्या. म्हशी वाटेला लागल्या की मग दरीपलीकडच्या समोरच्या वाडीशी गप्पा. कोण आजारी, कोणाकडे पाव्हणे, कोणाची रेडी हरवली, सगळं हाळीवर. समोरचा धोंडू शेवटी रोज विचारायचा, "यसूवयनी, हायस काय गोऽऽ?" आणि ही उत्तर द्यायची, "हाय रेऽऽ!" एकट्या बाईच्या घरावर लक्ष ठेवायची ती त्यांची पद्धत.

मी दरवर्षी म्हणायचो, "मामी, पुरे झाला डोंगर. महाडला या. आमच्याकडे पंखा आहे, नळ आहे."

ती म्हणायची, "हाळी हाय तवर मी हितं. ज्या दिवशी हाळी जायची बंद हुईल, त्या दिवशी ये आन् ने मला उचलून. एक शब्द बोलनार नाय."

आणि मग गाठ आली नेमकी गळ्यातच.

तशी ती फार जुनी होती. आधी सुपारीएवढी, मग कोयीएवढी. मामी तिच्यावर पदर ओढून हिंडत होती. त्या माघात मात्र ती आतल्या बाजूला वाढू लागली. आडवं झालं की श्वास कोंडायचा. मामी भिंतीला टेकून बसून झोपायची. आमच्या महाडच्या डॉक्टरांनी गळ्यावर बोटं फिरवली आणि म्हणाले, "ही काढायलाच हवी. मोठ्या हॉस्पिटलला न्या. वेळ घालवू नका."

मोठं हॉस्पिटल म्हणजे शहरातलं, विद्यापीठाचं, जिथे डॉक्टर तयार होतात ते. शहराचं नाव मी सांगत नाही. घाटावरच्या शहराला वाटू दे मी घाटाखालच्याबद्दल बोलतोय, आणि घाटाखालच्याला वाटू दे घाटावरच्याबद्दल. दोघंही खूश.

सोबत माझा मेव्हणा संजय आला. हा औद्योगिक वसाहतीत एका केमिकल कंपनीत आहे, बिरवाडीत खोली घेऊन राहतो. मोठ्या ठिकाणी कसं वागायचं हे फक्त आपल्यालाच कळतं अशी त्याची समजूत आहे, कारण त्याला रोज गेटवर पास दाखवावा लागतो.

त्या हॉस्पिटलचं पहिलं दर्शन मी विसरणार नाही. मला वाटलं होतं एक इमारत असेल, फार तर दोन. निघाले तीन कॅम्पस! जुना कॅम्पस बाजारपेठेच्या पोटात, काळ्या दगडाचा. नवा कॅम्पस पुलापलीकडे, सगळा काचेचा. आणि तिसरा शहराच्या बाहेर, जिथे शहर संपून प्लॉटच्या पाट्या सुरू होतात तिथे. एकातून दुसऱ्यात जायला हॉस्पिटलची बस. बसला थांबा. थांब्याला रांग. मामीने चहूकडे बघून घेतलं आणि विचारलं, "बाळू, ह्यो दवाखाना हाय का तालुका?"

जुन्या कॅम्पसात आम्ही रांगेत उभे राहिलो. त्या रांगेतून दुसऱ्या रांगेत गेलो. दुसऱ्या रांगेने आम्हाला पहिल्या रांगेत परत पाठवलं. एका दारावर पाटी होती, 'रक्त तपासणी विभाग शिफ्ट झाला आहे.' संजयने खिडकीतल्या माणसाला अगदी अदबीने विचारलं, "कुठल्या शिफ्टला? फर्स्ट की सेकंड?" खिडकीतल्या माणसाने त्याच्याकडे बराच वेळ पाहिलं आणि खिडकी लावून घेतली.

शेवटी एका तरुण डॉक्टरणीने मामीला तपासलं. बुटकीशी, चष्म्याची, पायात स्पोर्ट शूज, डोळ्यांत झोप. तिने कागदावर भराभरा लिहिलं आणि म्हणाली, "हे थायरॉइडचं आहे. यांना मंगळवारी युनिट तीनला दाखवा. पुढचं ते ठरवतील."

मी विचारणार होतो, युनिट तीन म्हणजे कुठे? पण संजयने माझा दंड दाबला. बाहेर आल्यावर म्हणाला, "भावजी, काय विचारताय? हसं होईल. युनिट म्हणजे प्लांट. आमच्या कंपनीचं युनिट वन रस्त्याच्या अलीकडे, युनिट टू पलीकडे, युनिट थ्री पार टोकाला. प्रत्येकाचं गेट वेगळं. यांचे कॅम्पस किती? तीन. मग युनिट तीन कुठे असणार?"

मला पटलं. हाच तर वैताग आहे, मला पटलं! जो माणूस उभ्या महाडला औरंगजेब पटवतो, त्याला संजयने युनिट तीन पटवलं.

मंगळवारी आम्ही थेट तिसऱ्या कॅम्पसला. स्टँडवरून रिक्षा, मग बस, मग उन्हातून चालणं. मामी दर थोड्या अंतराने थांबून श्वास गोळा करत होती. आत गेलो. सगळं स्वच्छ, झकपक, रांग अजिबात नाही. एका पोरसवदा डॉक्टरने हसून स्वागत केलं, मामीला एका मोठ्या खुर्चीत बसवलं, खुर्ची आपोआप मागे कलली, डोक्यावर दिवा लागला. "आजी, आ करा." मामीने आ केला. "अरे वा! छान! तुमच्यासारखे पेशंट आम्हाला मिळतच नाहीत." मी संजयकडे पाहिलं. संजयने भुवया उडवल्या, म्हणजे बघा, सांगितलं नव्हतं?

ते दातांचं कॉलेज होतं.

तोवर मामीच्या अर्ध्या दातांवरची तंबाखूची पुटं निघाली होती. मी कपाळावर हात मारून म्हणालो, "मामी, उठा. चुकीच्या ठिकाणी आलोय." मामी तोंडातलं पाणी थुंकून शांतपणे म्हणाली, "आलेच हाय तर निम्मे कशाला ठेवू? व्हनार तेवढं व्हऊ दे." मग तिने उरलेले दातही घासून घेतले. जुन्या कॅम्पसला पोचेपर्यंत मंगळवार मिटला होता. शिपाई म्हणाला, पुढच्या मंगळवारी या.

तो आठवडा मामी आमच्याकडे महाडला होती. बाहेर राबांचा धूर, आत तिचा श्वास. हॉलमध्ये भिंतीला टेकून ती बसलेली असायची आणि प्रत्येक श्वासाला बारीक शिटी वाजायची. मी खिडक्या लावून घ्यायचो. ती म्हणायची, "उघड रे. धूर आपलाच हाय." गळा आत दाबत चाललेला, आणि तोंडात मोत्यासारखे दात. आमची ही तिला पेज भरवताना एकदा पदर तोंडाला लावून आत गेली. हसायला गेली की रडायला, मी विचारलं नाही.

पुढच्या मंगळवारी युनिट तीन सापडलं. कुठे, सांगू? त्याच जुन्या कॅम्पसात, त्याच खोलीत, जिथे त्या चष्मेवाल्या डॉक्टरणीने आम्हाला तपासलं होतं. खोलीत तीन टेबलं होती. तिसऱ्या टेबलावर पुठ्ठ्याची पाटी, 'युनिट ३'. आणि टेबलामागे तीच डॉक्टरीण.

माझ्यातला नट जागा झाला. मी म्हणालो, "बाईसाहेब, आपण त्या दिवशी नुसतं बोट दाखवलं असतंत, तरी ही माऊली दातांच्या खुर्चीत बसायची वाचली असती!" खोलीतले सगळे पेशंट वळून बघू लागले. डॉक्टरीण गोंधळून म्हणाली, "काका, युनिट म्हणजे टीम. डॉक्टरांची टीम. सगळ्यांना माहीत असतं."

"सगळ्यांना म्हणजे कोणाला?"

तिने मामीची फाइल पुढे ओढली. मग मामीकडे पाहून म्हणाली, "दात मात्र छान केलेत हं त्यांनी."

त्या दिवशी मामी भरती झाली. भरती हा शब्दही आमच्याकडे वेगळा. आमची भरती दासगावला येते, खाडीचं पाणी चढतं तेव्हा, आणि येते ती न सांगता ठरल्या वेळी जातेसुद्धा. हॉस्पिटलातली भरती चढली की ओहोटी कधी, कोणी सांगत नाही. मामीचा वॉर्ड नव्या कॅम्पसला, तपासण्या जुन्या कॅम्पसला, आणि हृदयाचा फोटो काढायचं यंत्र बिघडलं म्हणून त्याच्यासाठी पुन्हा तिसऱ्याला. मी आणि संजय त्या तीन टोकांमध्ये पिशवी, थर्मास आणि फाइल घेऊन फिरत होतो. बसचा ड्रायव्हर आम्हाला नावाने ओळखू लागला. संजयने कंपनीतून रजा वाढवून घेतली. युनिट तीनचं प्रायश्चित्त म्हणून असेल, तो शब्द मात्र त्याने पुन्हा उच्चारला नाही.

मग त्या चष्मेवाल्या छोट्या डॉक्टरणीने आम्हाला बसवून ऑपरेशन समजावलं. गाठ श्वासनलिकेला दाबतेय, काढावीच लागेल. आवाजाची नस गाठीला अगदी चिकटून जाते, तिला धक्का लागला तर आवाज बसू शकतो. सहसा तसं होत नाही.

मामीने गळ्यावरचा पदर बाजूला करून गाठीवर बोट ठेवलं. मग म्हणाली, "गाठ न्या. नस ठेवा."

"प्रयत्न तोच असतो, आजी."

"प्रयत्न नको सांगू गो. श्वास मला हवाच हाय. पन आवाज गेला तर मला खाली ऱ्हावं लागंल. खाली मी श्वास घेऊन काय करू?"

डॉक्टरीण म्हणाली, ऑपरेशन करणाऱ्या मोठ्या सरांना नक्की सांगते. मग तिने जरा चाचरत पुढचं सांगितलं. शेवटच्या वर्षाच्या मुलांची परीक्षा सुरू होतेय. मोठे सर परीक्षक. ऑपरेशनं मागे-पुढे झालीत. आजींचं परीक्षा संपल्यावर लगेच होईल, तोवर वॉर्डात ऑक्सिजन, सगळं लक्ष. "आणि आजींची हरकत नसेल तर... परीक्षेला केस म्हणून बसतील का? फार चांगली केस आहे."

"चांगली?" मी उभाच राहिलो. "तिला झोपता येत नाही आणि चांगली?"

"म्हणजे शिकायला चांगली, काका."

आयुष्यात बराच वैताग पाहिला. एसटीचा, लाइटचा, पुराच्या चिखलाचा. पण आपल्या माणसाचं दुखणं कोणाला तरी छापील पुस्तकासारखं सुबक वाटतं, याच्यासारखा वैताग नाही. आणि याहून वाईट म्हणजे ती पोरगी खोटं बोलत नव्हती. कधीतरी कोणीतरी कोणाच्या तरी गळ्यावर हात ठेवूनच शिकणार ना? हे कळत होतं म्हणूनच जास्त राग येत होता.

मामी मात्र एकदम खुलली. "परीक्षा? माझी?"

"तुमची नाही आजी, मुलांची."

"मंग बसते. माझी र्‍हायलीच हाय एक."

त्या दिवसापासून तिच्या खाटेभोवती पोरापोरींची जत्रा. सरावाला यायचे. प्रत्येकाच्या हातात पाण्याचा पेला. "आजी, तोंडात पाणी घ्या. आता गिळा." गिळलं की गाठ वर सरकते, त्यावरून ती कशाची ते ओळखायचं. पोरं पुढून बघायची, मागे उभी राहून चाचपायची, वाकून कान लावायची. "आजी, गिळा." मामी दिवसभर गिळत होती. "बाळू," ती मला म्हणाली, "आमच्या वाडीत उन्हाळ्यात एवढं पानी नसतं."

गाठीचं त्यांचं नाव होतं मल्टीनोड्युलर गॉइटर. मामीने ते इतक्यांदा ऐकलं की एक दिवस मला जवळ बोलावून तिने हळूच विचारलं, "काय रे, ही मालती नोडुलकर कोन?"

"कोण?"

"सगळी पोरं तिचंच नाव घेतात. मालती नोडुलकर, मालती नोडुलकर. पहिली तिला झाली असंल गाठ. म्हनून नाव पडलं. नोडुलकर म्हंजे मालवनाकडची आसनार. बिचारी. वाचली का रे ती?"

मी म्हटलं, "वाचली."

"आन् आवाज?"

मी म्हटलं, "खणखणीत." खोटं बोलताना माझा आवाज कधी हलत नाही. त्या दिवशी हलला.

परीक्षेच्या दिवशी नव्या कॅम्पसातून जुन्या कॅम्पसात केसेस न्यायला मोठी गाडी आली. एक हर्नियावाले काका, एक पायाच्या निळ्या शिरांवाला, एक पोटात पाणी झालेला, आणि आमची मामी, नऊवारी चापूनचोपून नेसलेली, केसांत अबोलीची वेणी. ती वेणी कोणी आणून दिली देव जाणे. खिडकीशी जागा धरून मामी म्हणाली, "चला, वऱ्हाड निघालं. नवरा कोन?" सगळ्यांनी हर्नियावाल्या काकांकडे बोट दाखवलं. काका लाजले.

आत काय झालं ते मला मामीने सांगितलं, आणि मामी भर घालते म्हणून मी ते नंतर छोट्या डॉक्टरणीकडून पडताळून घेतलं. आश्चर्य म्हणजे या वेळी मामीने भर घातलेली नव्हती.

एक उंच, काटकुळा पोरगा तिच्या वाट्याला आला. हात बर्फासारखे. त्याने पाणी दिलं, गिळा म्हणाला, गाठ पाहिली, सगळं नीट केलं. आणि समोर मोठे सर आणि बाहेरून आलेले दुसरे सर येऊन उभे राहिल्यावर त्याच्या तोंडचं पाणी पळालं. सर विचारतायत, "निदान काय?" आणि हा नुसता त्यांच्या टायकडे बघतोय. मामीला राहवेना. ती छताकडे बघत, कोणाला उद्देशून नाही अशा थाटात पुटपुटली, "मालती... मालती नोडुलकर..."

बाहेरचे सर म्हणाले, "आजी काय म्हणतायत?"

पोरगा दचकून जागा झाला. "मल्टीनोड्युलर गॉइटर, सर!"

मोठ्या सरांनी खोकल्याचं निमित्त करून तोंड फिरवलं. बाहेरचे सर मराठी नव्हते, त्यांनी मान डोलावली. मग सगळे पुढच्या खाटेकडे वळले तेव्हा मामीने मोठ्या सरांच्या कोटाची बाही पकडली. "डॉक्टर, तुमच्या पोरांसाठी मी घागरी रिचवल्या. आता माझं एक ऐका. मला आवाज ठेवा."

सर वाकले. "ठेवायचा प्रयत्न करतो, आजी."

"तुमी पन प्रयत्नच म्हनता," मामी म्हणाली.

परीक्षा संपली, दुसऱ्याच दिवशी ऑपरेशन झालं. आम्ही बाहेर बसलो होतो. संजय नखं खात होता. मी माझ्या सगळ्या नाटकांतले सगळे संवाद मनात म्हणून संपवले. दार उघडलं, सर मास्क खाली ओढत म्हणाले, "गाठ पूर्ण निघाली. श्वास मोकळा झालाय." दुसऱ्या दिवशी सकाळी पोरांचा घोळका घेऊन ते खाटेशी आले. "आजी, नाव सांगा."

मामीने ओठ ओले केले. "यशोदा." आवाज जरा जाडा, पण होता. तिचाच होता. पोरांनी टाळ्या वाजवल्या. काटकुळा पोरगा सगळ्यात जोरात. "आता ई म्हणा." "ईऽऽ." सर म्हणाले, "उत्तम. एकदम उत्तम." मी संजयला मिठी मारली. युनिट तीनला त्या क्षणी मी माफ केलं.

शिमग्याच्या आधी मामी डोंगरावर परतली. मी पोचवायला गेलो होतो. वाटेत सावर लालभडक फुललेली, काजूच्या मोहोराचा वास, आणि मामी माझ्या पुढे, न थांबता, तोंडाने श्वास न घेता. मला वाटलं, संपलं. सगळं निभावलं.

संध्याकाळी ती कड्याच्या टोकाशी गेली. तळवा कानामागे धरला. छाती भरली. आणि जे निघालं ते जरासं वर चढलं, आणि तिथेच फाटलं. फाटून, हवा होऊन गेलं. तिने पुन्हा भरलं. पुन्हा तिथेच. खालच्या रानात म्हशींनी मानसुद्धा उचलली नाही. समोरून धोंडू विचारत होता, "यसूवयनी, आलीस काय गोऽऽ? हायस काय गोऽऽ?" आणि ती उभी होती, तोंड उघडं, आणि उत्तर दरी उतरत नव्हतं.

पुढच्या तपासणीला तिसऱ्या टेबलाशी मी हे सांगितलं. छोट्या डॉक्टरणीने मामीला बोलायला लावलं, नळी घालून आत पाहिलं. म्हणाली, "बोलण्याची नस शाबूत आहे. पण उंच सूर लावणारी एक अगदी बारीक नस वेगळी असते. ती दुखावलेली दिसते. कधी सुधारते, कधी नाही. नेहमीच्या बोलण्यात कळतही नाही. गाणाऱ्या पेशंटच्या बाबतीत आम्ही आधीच..." ती मध्येच थांबली.

"गाणाऱ्या!" मी सुरू झालो. तीन कॅम्पस, एवढी पुस्तकं, एवढे पेले पाणी, आणि बाई आवाजाचं करते काय, हे एकालाही विचारावंसं वाटू नये? मी बराच वेळ बोललो. कोणी थांबवलं नाही. थांबवलं ते मामीने, माझ्या गुडघ्यावर थाप मारून.

"गप रे. तिने मला श्वास दिला." मग तिला म्हणाली, "बोलायला आवाज हाय गो, बाय. बोलवायला नाय."

छोटी डॉक्टरीण चष्मा काढून पुसत बसली. फार वेळ पुसला तिने तो चष्मा. "पुढच्या आजींना मी विचारीन," ती म्हणाली.

ती विचारत असेल. माझा तिच्यावर विश्वास आहे. पण पुढच्या आजींचा गळा तो मामीचा गळा नव्हे, आणि म्हणून दरवर्षी हा धूर आला, वरच्या मजल्यावर पाठांतर सुरू झालं, की माझ्या घशाशी तो जुना वैताग चढतोच. उत्तम, सर म्हणाले होते. आणि ते चूक नव्हते. सगळे आपापल्या जागी बरोबर, आणि हाळी मात्र गेली.

शब्दाला जागायचं म्हणून मी चैत्रात वर गेलो, मामीला उचलून आणायला. घरी खोली रिकामी केली होती, पंखा नवा बसवला होता. मामी अंगणात म्हशीला पेंड घालत होती. मी म्हटलं, "मामी, आठवतंय ना? हाळी गेली की एक शब्द बोलणार नाही म्हणाला होतात."

ती खरंच एक शब्द बोलली नाही. पेंड घालत राहिली.

मला वाटलं, जरा मदत करून तिचं मन वळवू. म्हशी अजून रानात होत्या. मी कड्याशी गेलो, तळवा कानामागे धरला, आणि उभ्या आयुष्यातला सगळा औरंगजेब पणाला लावून हाळी दिली. डोंगर हादरला. म्हशी आल्या नाहीत. समोरच्या वाडीतले बाप्ये मात्र काठ्या-कोयते घेऊन दरी चढून धापा टाकत आले, बिबट्या शिरला म्हणून. मामी पायरीवर बसून हसत होती. हसताना तिच्या गळ्यातून बारीक हवा निघत होती. "नको रे बाळू परत," ती म्हणाली, "दूध आटंल."

मंडळी पाणी पिऊन, माझ्याकडे बघत बघत परत गेली. दिवस कलला. मामी उठली आणि परसात गेली. तिथे एक निळा प्लास्टिकचा ड्रम पालथा घातलेला होता, संजयने मधल्या एका रविवारी बिरवाडीहून खांद्यावर वाहून आणलेला. पाणी भरायला म्हणून दिला होता त्याने. मामीने भिंतीला टेकवलेला दांडका उचलला आणि ड्रमवर घुमवत, लयीत बडवू लागली. खालच्या रानात हालचाल झाली. म्हशी वर येऊ लागल्या, एकामागून एक, जणू जन्मभर ड्रमच ऐकत आल्या होत्या.

"त्यांना चार दिसांत कळलं," मामी म्हणाली. "समोरच्यांना जरा येळ लागला."

तेवढ्यात पलीकडून धोंडूची हाळी आली, दम लागलेलीच, "यसूवयनी, हायस काय गोऽऽ?"

मामीने दांडका एकदा आपटला. धम्म. दरीने तो पलीकडे नेला.

"एक म्हंजे हाय," ती मला म्हणाली. "दोन म्हंजे गरज हाय, या."

मी विचारलं, "आणि तीन?"

मामीने माझी पिशवी दारातून उचलली, माझ्या खांद्याला अडकवली, दांडका पुन्हा हातात घेतला आणि एकामागून एक तीन टोले दिले.

"तीन म्हंजे पाव्हना खाली निघाला. वाट दाखवा त्याला."